बाटल्यांसाठी ऊब

आर्विड निएमीने साखरपाणी बियरच्या बादलीत ओतलं आणि लांब दांड्याच्या चमच्याने ढवळायला घेतलं. इतक्या हळू, की आपल्याला कोणी ढवळतंय याचा बियरला पत्ताही लागू नये.

"अरे, पाळणा हलवतोयस की काय?" शेजारची लेम्पी कांगस स्टुलावरून म्हणाली. "फेस नको म्हटलं होतं मी. अंगाई नव्हती सांगितली."

"तूच म्हणालीस, हळू."

"हळू म्हणजे आजच्या तारखेत."

लेम्पी चाळीस वर्षं तळघरात बियर करत आली होती. एवढ्या काळात तिचे दोन नवरे वारले, पण दोघांचीही बियरबद्दल तक्रार नव्हती. आर्विडची ही पहिलीच खेप. त्याने एकेक बाटली भरली, एकेक झाकण दाबून बसवलं आणि अठ्ठेचाळीस बाटल्या टेबलावर ओळीने उभ्या केल्या. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, घाई नसल्यासारखा. मिशिगनच्या या वरच्या टोकाला नोव्हेंबरपासून तो असाच पडतो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही.

आर्विड बघायचा. रस्तेखात्यात अडतीस वर्षं त्याने बर्फ मोजला होता. रोज सकाळी पट्टी रोवायची आणि आकडा वहीत लिहायचा. पेपरवाल्यांनी विनवलं, हॉटेलवाल्यांनी गळ घातली, पण आकडा त्याने बोटभरही फुगवला नाही. त्यामुळे गावात त्याला मान होता आणि मित्र कमी होते.

"आता नीट ऐक," लेम्पी म्हणाली. "आतलं यीस्ट दमून झोपलंय. साखर मिळाली की उठतं, खातं, आणि झाकण घट्ट असलं की त्याचा वायू बियरमध्येच मुरतो. त्याला दोन आठवडे ऊब हवी. आणि अंधार. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. पंधराव्या दिवशी मी तरी उघडतेच."

"ऊब," आर्विड म्हणाला.

"हो, ऊब. ऐकलं असशील तू कुठेतरी. तुझ्या स्वयंपाकघरात मी कोट घालून बसलेय."

हा सगळा खटाटोप एका फोनमुळे होता. महिन्यापूर्वी त्याची मुलगी आयला मिलवॉकीहून म्हणाली होती की ती येऊन आपली खोकी घेऊन जाईल. राहायला मोटेल बघितलं आहे. काहीतरी बोलायला हवं म्हणून आर्विड म्हणाला, "मी बियर करून ठेवतो." मग ती म्हणाली, "बरं. एक बाटली पिऊन निघेन."

म्हणजे त्याच्या हाती एवढंच होतं, एक बाटली.

तीन वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला आयला आली नाही. तेव्हा आर्विडने तिची खोली तापवणारा रेडिएटर बंद केला होता. आणि बंद केल्याचं तिला फोन करून कळवलंही होतं. नोंद चोख ठेवायची सवय.

ऊब म्हटलं की या गावात माणसाला एकच जागा आठवते. आर्विडने बाटल्या अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या लाकडी न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत नेल्या, जिथे कपडे काढून ठेवतात, आणि एक छोटा हीटर लावून दिला. पाच दिवस सगळं ठीक चाललं. सहाव्या दिवशी शनिवार होता. शनिवारी चार वाजता निएमींच्या घरचे हात आपोआप सौनाची चूल पेटवतात. त्यात डोक्याला कोणी विचारत नाही. आर्विड वरच्या बाकावर घाम गाळत, डोळे मिटून अर्धवट तरंगत होता, तेव्हा दारापलीकडे पहिली बाटली फुटली. मग दुसरी. बाकीच्या शेहेचाळीस त्याने कमरेला टॉवेल गुंडाळून बर्फातून घरात पोचवल्या.

"बियरला सौना देणारा तूच पहिला," रविवारी लेम्पी म्हणाली. मग तिने जिन्याकडे पाहिलं. "वरची खोली?"

"ती बंद आहे."

"माहीत आहे. मी विचारत नाहीये."

आर्विडने रेडिएटरची चावी फिरवली. नळ्यांत आधी ठकठक झाली, मग गुडगुड, आणि मग खोली हळूहळू जागी झाली. लाकडाला वास आला, कुठूनतरी जुन्या साबणाचाही. बाटल्या त्याने आयलाच्या कपाटात ठेवून वर गोधडी घातली. रोज दुपारी तो तापमान बघायला वर जायचा आणि खुर्चीवर बसून राहायचा. बर्फाचा निळसर उजेड छतावर हलत असायचा. कपाटात शेहेचाळीस बाटल्या आपापलं काहीतरी करत होत्या. कान लावला तर काहीच ऐकू येत नव्हतं, तरी तो लावायचा.

अंधार हवा म्हणून त्याने पडदे लावायचे ठरवले. पडद्यांवर धूळ होती, म्हणून आधी धुतले. धुणं निघालंच आहे म्हणून पलंगावर चादर घातली. उशीला अभ्रा घालताना मात्र त्याला कारण सापडलं नाही. तो त्याने तसाच घातला.

पुढच्या शनिवारी दुपारी आयला आली. बॅग गाडीतच ठेवून, कोट न काढता वर गेली. आर्विड मागोमाग जिना चढला. ती दारात थबकली होती. मग पुढे होऊन तिने रेडिएटरवर तळहात ठेवला.

"हा चालू आहे."

"हो."

"कधीपासून?"

"सहा दिवस."

तिचे खांदे जरा खाली आले. आर्विडला तिथेच थांबता आलं असतं.

"बियरसाठी," तो म्हणाला. "यीस्टला ऊब लागते. कपाटात आहेत."

आयलाने कपाट उघडलं, गोधडीचं टोक उचललं, पाहिलं. "माझ्या कपाटात."

"अंधार लागतो."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि खोक्यांकडे वळली. वळताना तिची नजर पलंगावर गेली. चादरीचा एक कोपरा दुमडून ठेवलेला होता, तिची आई ठेवायची तसा. आयलाने उशी बोटाने दाबून पाहिली.

"बाबा, यीस्टला उशीही लागते?"

आर्विडने प्रामाणिकपणे विचार केला. छपरावरून बर्फाचा एक थर सावकाश घसरला आणि खाली आवाज न करता पडला.

"तसं लेम्पीने सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

आयलाने कोट काढला आणि कपाटाच्या दाराला अडकवला.

"एक बाटली पिऊन निघेन म्हटलं होतं मी. झाल्या का तयार?"

"सोमवारी दोन आठवडे होतील."

"म्हणजे परवा."

आर्विडने गोधडीखालच्या बाटल्यांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बाहेर रात्रीपासून चौदा इंच पडला होता. सकाळी त्याने मोजला होता. चौदाच.

"लेम्पी म्हणते," तो म्हणाला, "चार आठवडे ठेवली तर जास्त चांगली लागते."