दुसऱ्या अंकातला घोडा

प्रवेश पहिला. यात कोणीही प्रवेश करत नाही, सगळे आधीपासूनच पसरलेले आहेत.

बाकांवर, बाकांखाली, खिडकीच्या कट्ट्यावर. बारावीचा वर्ग. निरोपसमारंभ शनिवारी, आणि जाणाऱ्या वर्गानं नववीतली एखादी आठवण रंगमंचावर सादर करायची, ही शाळेची पद्धत. बाईंनी फळ्यावर ‘आठवण’ एवढाच शब्द लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पेपर तपासायला बसल्या. म्हणजे आता तुमचं तुम्ही बघा.

एकाला फोटो दाखवायचे होते. एकीला गाणं म्हणून सगळ्यांना रडवायचं होतं.

“मी आत्ताच रडतो, पण तू गाऊ नकोस,” मागून कुणीतरी म्हणालं.

या गोंधळात एक हात वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला. हात भाल्याचा होता. भाला ही मुलगी. नववीतल्या नाटकात तिनं भाला धरला होता, तेव्हापासून तिला सगळे भालाच म्हणायचे. भाला खरं तर वरच्या खिडक्या उघडायची आकड्याची काठी होती, पण ‘काठी’पेक्षा ‘भाला’ बरं, म्हणून तिनंही कधी तक्रार केली नाही.

“आपलं नाटक अर्धं राहिलंय,” ती म्हणाली.

“कुठलं नाटक?” एका मुलानं विचारलं.

विचारणारा त्या नाटकात राजा होता.

*

पहिला अंक. हा होऊन गेलेला आहे, त्यामुळे प्रेक्षकांनी घाबरू नये.

नाटक बाईंनी स्वतः लिहिलं होतं. राजा, प्रधान, दरबार, दोन झाडं आणि एक संध्याकाळ. संध्याकाळ म्हणजे नारिंगी बल्ब हातात धरून उभा राहिलेला मुलगा. सिंहासन प्रयोगशाळेतलं गोल फिरणारं स्टूल होतं, वर शाल टाकलेली. पहिल्या अंकाच्या शेवटी राजाला राग येतो आणि तो सिंहासनावर बसतो, असं बाईंनी लिहिलेलं. राजा रागात काही कमी पडला नाही. तो असा काही आदळला की स्टूल गरकन फिरलं, झगा दांड्याला गुंडाळला गेला, राजा सुतासारखा आत ओढला गेला आणि मुकुट उडून प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पडला. पाहुण्यांना वाटलं, सत्कार आहे. ते उठले, मुकुट घातला, हात जोडले. टाळ्या झाल्या. पडदा ओढला. दुसरा अंक रद्द, आता थेट बक्षीस समारंभ, अशी घोषणा झाली.

सगळी शाळा आठवडाभर हसली. एकटी भाला सोडून.

कारण दुसऱ्या अंकात एक पहारेकरी येतो. “महाराज, घोडा आला,” असं म्हणतो. आणि जातो.

तेवढंच तिचं काम होतं.

*

घरचा प्रवेश. मूळ नाटकात नाही.

ते तीन शब्द तिनं महिनाभर घोटले होते. कधी ‘महाराज’वर जोर, कधी ‘घोडा’वर. न्हाणीघरात ‘आला’ फार छान घुमायचं. अख्ख्या घराला ते वाक्य चिकटलं.

बाबा (नळाखाली बादली सरकवत): महाराज, पाणी आलं.

आई (अंधारात चाचपडत): महाराज, लाइट काही आली नाही.

धाकटा भाऊ (पाठीमागे प्रगतिपुस्तक लपवत): महाराज, निकाल आला. पण तुम्ही आधी जेवून घ्या.

आत्याचा फोन उचलला की चौघं एकदम ‘महाराज, आत्या आली!’ म्हणायचे. आत्याला ते आवडायचं नाही.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. त्या संध्याकाळी ते अर्धी रजा काढून आले, तिसऱ्या रांगेत बसले, आपला चष्मा पुसून तयार झाले आणि बक्षीस समारंभ बघून घरी आले. वाटेत त्यांनी चष्मा काढून परत एकदा पुसला. मग म्हणाले, “मग तो घोडा आला असता तर पुढं काय झालं असतं गं?”

“बाबा, राहू दे ना.”

“नाही, मी आपलं सहज.”

*

पुन्हा वर्ग. पुन्हा पसारा.

राजाला हळूहळू आठवलं. आठवलं म्हणजे पडणं आठवलं. मग सगळ्यांनाच आठवलं, आणि सूचना एकदम पास झाली. राजानं परत पडायचं! शाळेच्या इतिहासातला सर्वांत मोठा हशा, मूळ कलाकारांच्या संचात!

“आणि दुसरा अंक?” भाला म्हणाली.

“त्यात काय होतं?”

कुणालाच माहीत नव्हतं. तालीम रोज पहिल्यापासून सुरू व्हायची आणि राजा रागवेपर्यंत शाळा सुटायची. दुसरा अंक कुणी पाहिलेलाच नव्हता. सगळे बाईंकडे वळले.

“एका रविवारी लिहिलं होतं रे,” बाई पेपरमधून मान वर न काढता म्हणाल्या. “शेवटी सगळे सुखी होतात, एवढं नक्की. दुःखी शेवट मला झेपत नाहीत.”

मधल्या सुट्टीत भाल्यानं राजाला जिन्यात गाठलं.

“तू फक्त ‘कोण आहे रे तिकडे?’ एवढं विचार. मी येते, बोलते, जाते. बाकी तू काय वाट्टेल ते बोल.”

“अगं, आधी मी पडणार. मग लोक हसणार. मग वेळ उरला तर…”

“उरेल.”

“उरला तर बोलतो ना. तुझ्या एका वाक्यासाठी किती ते!”

“तुझी किती होती?”

“मोजली नाहीत.”

“बघ,” भाला म्हणाली आणि निघून गेली.

*

शनिवार. पडदा उघडतो, तोही एका बाजूनंच.

राजा आता दारातून वाकून जाण्याइतका वाढला होता. झगा गुडघ्यापर्यंत आला होता, नर्सच्या एप्रनसारखा. तरी तो ऐटीत आला, रागावला आणि धाडकन स्टुलावर आदळला.

स्टूल जागचं हललं नाही.

तीन वर्षांत त्याचा स्क्रू गंजून घट्ट बसला होता. राजा उठला, पुन्हा रागावला, पुन्हा आदळला. स्टूल म्हणजे खरंच सिंहासन झालं होतं. एवढं भक्कम तर ते कधीच नव्हतं. हसायला तयार होऊन बसलेलं प्रेक्षागृह तोंड उघडं ठेवून तसंच राहिलं.

“पड ना!” विंगेतून भोंगा कुजबुजली. भोंगा ही प्रॉम्प्टर. तिची कुजबुज मागच्या भिंतीवर आपटून परत यायची.

“पडत नाहीये!” राजा स्टेजवरून म्हणाला.

“मग बोल काहीतरी!”

विंगेत भाल्यानं मनातल्या मनात हिशोब मांडला. पडणं झालं नाही म्हणजे हशा नाही, हशा नाही म्हणजे पडदा नाही, आणि पडदा नाही म्हणजे आता दुसरा अंकच. तिनं काठी सरळ धरली. ओठ ओले केले. आता तो विचारेल. कोण आहे रे तिकडे.

राजानं विचारलं, “प्रधानजी, हवा काय म्हणते?”

प्रधान म्हणजे वर्गात पहिला येणारा मुलगा. उत्तर येत नसलं तरी पुरवण्या मागणारा. असल्या प्रश्नाची तो जन्मभर वाट पाहत असल्यासारखा पुढे सरसावला.

“हवा दमट आहे, महाराज. वायव्येकडून वारे, तुरळक ढग, आणि प्रजेला किंचित सर्दी.”

“अरेरे! औषध?”

“दिलं. आता खोकला झालाय.”

कुणीतरी हसलं. प्रधानाला तेवढं पुरलं.

भाला एक पाऊल पुढे आली. राजा तिच्याकडे बघतच नव्हता. प्रधान मात्र तिच्या बाजूला वळला, हातातली काठी त्यानं पाहिली, आणि त्याला काय सुचलं कोण जाणे. पुरवणी संपत आली की माणूस काहीही लिहितो, तसं असावं. त्यानं कपाळाला हात लावला.

“महाराज, एक वाईट बातमी आहे. आपला घोडा वारला.”

प्रेक्षागृह खदखदलं.

“काय! घोडा!” राजा छाती बडवू लागला. “कसा? कधी? जेवला होता का?”

“दोन घास कमीच, महाराज.”

“शेवटी काही बोलला का?”

“खिंकाळला. पण त्यात अर्थ होता.”

आता लोक खुर्च्यांवर मागेपुढे होत होते. राजा आणि प्रधान एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागले. नववीतल्या पडण्यापेक्षा हे भारी चाललं होतं. दरबारी म्हणून उभी असलेली दोन पोरंही, त्यांचा काही संबंध नसताना, नाक पुसू लागली.

विंगेत भोंगा भाल्याकडे वळली. या एका वेळी तिला खरंखुरं कुजबुजता आलं.

“झालं गं तुझं. मारला त्यांनी.”

भाल्याची कानशिलं तापली. न्हाणीघर आठवलं. पाणी आलं, निकाल आला, आत्या आली, दुनियेतलं सगळं येऊन गेलं आणि हा एक घोडा यायच्या आधीच मेला. त्या पुरवणीबहाद्दराला कुणी विचारलं होतं का?

तिनं काठी खांद्यावर टाकली आणि सरळ स्टेजवर गेली. कुणीही तिला बोलावलेलं नव्हतं.

“महाराज,” ती म्हणाली, “घोडा आला.”

[ इथे शांतता. इतकी की पंख्याचा आवाज ऐकू येतो. ]

मग छप्पर उडेल असा हशा झाला. तिसऱ्या रांगेत चष्मा पुसून बसलेल्या एकानं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली होती, पण ती त्या हशात बुडाली.

झालं. वाक्य संपलं. आता जायचं. एवढ्याशा वाक्यात तीन वर्षं कशी मावली होती देव जाणे, पण भाला काही जाईना.

“कुठला घोडा?” राजा अडखळत म्हणाला.

याचं उत्तर बाईंनी लिहिलेलं नव्हतं. हा घोडा कुणाचा, कुठून येतो, त्याचं इथं काम काय, हे तिनं तरी कुठे कधी विचारात घेतलं होतं!

“तोच, महाराज. मेलेला.”

“पण तो तर मेला ना?”

“मीही त्याला तेच सांगितलं. ऐकत नाही.”

हशा. राजाचे डोळे चमकले. “मग? काय म्हणतो?”

“म्हणतो, प्रधानजींना जरा बाहेर पाठवा.”

प्रधान एक पाऊल मागे सरकला. “माझं काय काम?”

“म्हणतो, मारण्याआधी मला एकदा विचारायचं तरी.”

“अगं, पण… मला वाटलं, दुसऱ्या अंकात घोड्याचं काही काम नाही.”

“घोडा म्हणतो, होतं, एक काम होतं. तेवढंच होतं. आणि तीन वर्षं मी दाराबाहेर उभा आहे, आत ये म्हणायला कुणी फिरकलं नाही. राजा तर मला विसरूनच गेला.”

हसता हसता पुढच्या एक-दोन रांगा थांबल्या. राजानं मुकुट काढला, डोकं खाजवलं, परत घातला.

“घोड्याला म्हणावं, चुकलं,” तो म्हणाला. आवाज राजाचा नव्हता. मग एकदम उभा राहून गरजला, “अरे, बघता काय! बोलवा त्याला आत!”

“घोडा! घोडा! घोडा!” सगळं प्रेक्षागृह ओरडायला लागलं.

*

विंग. इथे घोडा नाही. कधीच नव्हता.

भाला आत आली. समोर उरलेला वर्ग उभा होता. दोन झाडं, संध्याकाळ, आणि नववीत ज्यांना काहीच काम मिळालं नव्हतं असे सगळे.

“घोडा हवाय,” ती धापा टाकत म्हणाली.

“केवढा?” भोंग्यानं विचारलं. प्रेक्षागृहानं ऐकलं आणि उत्तर दिलं, “मोठ्ठा!”

“सगळे चला.”

“मला काही येत नाही गं,” एक झाड म्हणालं.

“पाय आहेत ना? मग येतंय.”

मोठ्या सरांच्या टेबलावरचं कापड, जुना पडदा, दोन ओढण्या. एकमेकांच्या कमरा धरून ती पलटण आत शिरली. पण अर्धा वर्ग पलीकडच्या विंगेत होता आणि त्यांनाही उत्साह कमी नव्हता. त्यामुळे घोडा दोन्हीकडून आला. मध्यभागी दोन तोंडं समोरासमोर आली.

“तू मागं हो! मी तोंड आहे!”

“वा रे! आम्ही काय कोपरं आहोत?”

“माझा पाय कुणी घेतला?”

“हे मी लिहिलेलं नाही!” पहिल्या रांगेतून बाई ओरडल्या. त्या इतक्या आनंदानं ओरडल्या की पुढच्या वर्षीसाठी त्यांनी ते मनात टिपून घेतलं असणार.

“महाराज,” भाला काठी आपटून म्हणाली, “घोडा म्हणतो, शेपूट कमी पडतेय.”

सगळ्यांनी प्रधानाकडे पाहिलं.

“मी प्रधान आहे,” प्रधान म्हणाला.

“होतास,” राजा म्हणाला.

प्रधान गेला आणि शेपूट झाला. आणि सांगायला हवं, झाला तर उत्तम झाला, कारण कुठलंही काम अर्धवट करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शेवटी राजालाही चैन पडेना. तो झगा खोचून मधोमध शिरला आणि घोड्याला एक गुडघा जास्तीचा मिळाला.

आता स्टेजवर घोडा सोडून माणूस अशी एकटी भालाच उरली होती.

मोठे सर हातात भाषण घेऊन पायऱ्या चढून आले. घोड्यानं बाजूला व्हावं म्हणून त्यांनी दोनदा घसा खाकरला. पण त्या घोड्याचा प्रत्येक पाय वेगळ्या विचाराचा होता. तो कुठेच जाईना.

“बाळ, झालं का नाटक?” सरांनी भाल्याला हळूच विचारलं. “की अजून काही बोलायचंय तुला?”

तिनं प्रेक्षागृहाकडे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

“हो सर, बरंच आहे,” ती म्हणाली. “तुम्ही बसून घ्या.”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची नव्हती. मग भाषणाची घडी करून खिशात ठेवली आणि घोड्याच्या पुढच्या पायांशी मांडी घालून बसले.