कापलेला खोकला

खोकला कापणं हा त्याचा धंदाच होता. पुस्तकं वाचून दाखवणारी मंडळी काचेपलीकडे बसून तासन्‌तास वाचत, आणि त्यांचे खोकले, गिळलेले आवंढे, पान उलटल्याची सळसळ हा सगळा केर तो मागाहून रेकॉर्डिंगमधून इतक्या सफाईने काढून टाकायचा, की वाचणाऱ्यालाही वाटावं, आपला घसा जन्मात कधी बसलेला नाही. स्टुडिओत त्याला सगळे कात्रीशेठ म्हणत. स्वतःच्या तोंडाला मात्र त्याला कधी कात्री लावता आली नाही, आणि संसार मोडला त्यात निम्मा वाटा त्या तोंडाचा होता.

मुलगी सात वर्षांची. घरात एका जागी टिकायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. ती आईकडे राहायची आणि सुट्टीत याच्याकडे यायची. मागच्या सुट्टीत दुसऱ्याच दिवशी तिला कणकण आली, याने भाबडेपणाने आईला फोन केला, आणि दोन तासांत आई दारात उभी. पोरीला शालीत गुंडाळून घेऊन गेलीसुद्धा. तिचंही काही चुकलं नव्हतं. पण याने पोरीसाठी आणलेलं पाचशे तुकड्यांचं कोडं टेबलावर अर्धवट पडून राहिलं, आणि ते आवरायला त्याला महिना लागला. यंदा त्याने नाकदुऱ्या काढून पुरते आठ दिवस मिळवले होते.

आई औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला होती. आत फोन नेता यायचा नाही आणि पाळी दुपारची. म्हणून ठरलं असं, की भिंगरीने रोज संध्याकाळी बाबाच्या फोनवर निरोप बोलून ठेवायचा, आईने सुटल्यावर तो ऐकायचा आणि उत्तर पाठवायचं, ते भिंगरीने सकाळी उठून ऐकायचं. पहिल्या निरोपात शेजारचा मिक्सर घरघरत होता. तेवढी घरघर त्याने काढली आणि निरोप पाठवला. हाताला सवयच तशी.

दुसऱ्या दिवशी बागेतून आल्यावर भिंगरी सोफ्यावर गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंच. कपाळ तापलेलं होतं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही. तीन-चार दिवस त्रास देईल. गुळण्या, वाफ आणि हे औषध."

त्या संध्याकाळी भिंगरी फोनमध्ये म्हणाली, "आई, आम्ही बागेत गेलो. मग मला ताप आला. घसा दुखतोय. खोकला पण येतो, ऐक." आणि तिने खोकून दाखवलं. दोन खरे, एक वरकड. "बाबाने मला झोपाळ्यावर उंच नेलं. बाय."

ती टीव्हीसमोर बसल्यावर तो कॉम्प्युटरपाशी गेला. आधी खोकले गेले. मग घसा. मग ताप. बाग आणि झोपाळा यांच्यामध्ये त्याने तिचाच एक श्वास आणून बसवला, आणि सांधा असा जुळला की शोधून सापडला नसता. चार दिवसांचं दुखणं, तिला उगाच कशाला घोर, असं तो मनाशी म्हणाला. घोराचं निमित्त होतं. त्याला आठ दिवस हवे होते.

सकाळी आईचं उत्तर आलं. "अगंबाई, झोपाळा का? मजा कर. आणि बाबाला छळू नकोस फार." भिंगरीने ते दोनदा ऐकलं.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं."

त्या संध्याकाळी तिने आकडा सांगितला. एकशे एक. औषध कडू आहे, सूप नको वाटतं, बाबा वाफ देतो तेव्हा डोळे चुरचुरतात. खोकली पाच वेळा. याने सगळं काढलं, आणि उरलं तेवढ्यात तिने काढलेल्या हत्तीच्या चित्राची हकिकत होती. आईचं उत्तर आलं, "आज आवाज किती छान येतोय गं तुझा!"

तापाच्या तिसऱ्या संध्याकाळी भिंगरी एवढंच म्हणाली, "मी बरी आहे. बाय." कापण्यासारखं काही नव्हतं. ताप उतरत होता, त्यामुळे या शहाण्याला वाटलं, चला, सुटलो. सेवेत त्याने काही कमी ठेवलं नव्हतं. गुळण्यांचं पाणी तो स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचा. टॉवेलच्या तंबूत तिच्यासोबत डोकं घालून बसायचा आणि दोघं घामाने निथळायचे. इतकी वर्षं बाप असून बाप असल्यासारखं त्याला याच चार दिवसांत वाटलं.

गुळण्या करता करता तिने विचारलं, "आईला माझा कंटाळा आलाय का?"

"का गं?"

"मी सांगितलं तरी ती विचारतच नाही. बरं वाटतं का, असंसुद्धा नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही त्याने. आणि म्हणाला, "कामात असेल ती." आयुष्यात कापायला हवे होते ते हे तीन शब्द, आणि तेच त्याने तसेच राहू दिले. भिंगरीने मान डोलावली, चूळ टाकली आणि तोंड पुसलं.

पुढचे दिवस छान गेले असं म्हणायला हरकत नाही. ती हसली, खेळली, खोकला गेला. आईचा विषय मात्र तिने काढला नाही, आणि तो निघत नाही याचा आपल्याला थोडासा आनंद होतोय, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली.

आठव्या दिवशी दुपारी आई न्यायला आली. उंबऱ्याबाहेरच गुडघ्यांवर बसून तिने हात पसरले. भिंगरी बुटांपाशी गेली, खाली बसली आणि बूट चढवू लागली.

"आलीस?" ती म्हणाली. "काम झालं तुझं?"

आईचे हात तसेच राहिले. तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय झालंय हिला?"

"ती आजारी होती," तो म्हणाला. "घसा आणि ताप. तिने तुला सांगितलं होतं. मी ते काढून टाकलं."

"काढून टाकलं म्हणजे?"

"निरोपातून कापलं. तू घेऊन जाशील म्हणून."

आईने हात खाली घेतले. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्याला निदान उलटून बोलता आलं असतं. भिंगरी एक बूट हातात धरून दोघांकडे बघत होती.

"म्हणजे आईला ऐकूच गेलं नाही?"

"नाही, पिल्ला. चूक माझी आहे."

ती तशीच, एका बुटावर धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली आणि आठ दिवसांचं एकदम रडली. आई तिच्या कपाळाला हात लावून बघत राहिली, ताप कधीच गेला होता तरी. बऱ्याच वेळाने भिंगरीने डोकं वर केलं.

"बाबा, आईच्या बोलण्यातलं काय काय कापलंस?"

"काहीच नाही. शपथ. आईचं सगळं जसंच्या तसं ऐकवलं."

हे अगदी खरं होतं. भिंगरीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग ती आईकडे वळली.

"आई, तू काय काय म्हणाली होतीस, ते सगळं सांग."

आई पायरीवर बसली आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागली. तो दारात भिंगरीची बॅग धरून उभा होता, आणि त्याची मुलगी बोटांवर दिवस मोजत एकेक शब्द पडताळून घेत होती.