पात्यासमोरचं पिल्लू

मी एक जुना पंखा आहे. पण मित्रांनो, वर छताकडे बघू नका, मी तिथे नाही. मी असतो बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली. मी फिरलो की पाणी मागे ढकललं जातं आणि बोट पुढे सरकते. बोटीवरचे लोक आकाश बघतात, फेस बघतात, एकमेकांचे फोटो काढतात. मला कोणी बघत नाही, आणि बघावं असं मला कधी वाटलंही नाही. आज बोलतोय ते रागाने बोलतोय. रागावलेल्या माणसाचं जसं शेवटपर्यंत ऐकून घेतात, तसं माझं ऐकून घ्या.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेला लालबुंद धातू ओतला आणि त्यातून मी निघालो. ओताऱ्याने माझ्या तिन्ही पात्यांवरून कानस फिरवली. मग मला दोरीला टांगून हातोडीने हलकेच टकटक केलं आणि कान लावला. आत कुठे चीर असेल तर आवाज बसका येतो, आणि तसा पंखा परत भट्टीत जातो. माझा आवाज घंटेसारखा लांबवर गेला. "ठणठणीत आहे पोरगं," ओतारी म्हणाला. ते माझं पहिलं कौतुक.

मग मी तात्यांच्या बोटीला लागलो. तात्या म्हणजे आमचे जुने नाखवा. ते किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर माणसं आणि सामान पोचवायचे. मी शाळेच्या बाई नेल्या, दुधाचे कॅन नेले, एकदा तर नवरीसकट अख्खं वऱ्हाड नेलं. पावसाळ्याच्या आधी तात्या बोट वाळूवर ओढून घ्यायचे आणि माझ्या पात्यांवर चिकटलेले शिंपले स्वतः बसून खरवडायचे. खरवडताना मला शिव्या द्यायचे. "नुसता पसारा गोळा करतोस अंगावर, बायकोसारखा दिसायला लागलास माझ्या." पलीकडून काकू ओरडायच्या, "ऐकलंय हं मी!" अशा शिव्या खाऊन कोणाचंही पोट भरेल.

तात्यांची एक पद्धत होती. वाटेत डॉल्फिन दिसले की ते इंजिन बंद करायचे. घाईतलं कोणी कुरकुरलं, तर म्हणायचे, "त्यांच्या घरातून चाललोय आपण. जरा चपला काढा." मग मी थांबायचो आणि ते माझ्याजवळून जायचे, इतक्या जवळून की त्यांच्या कातडीवरचे ओरखडेही मला दिसायचे. वर आले की डोक्यावरच्या भोकातून फुस्स करून श्वास सोडायचे, पुन्हा खाली जायचे. असं किती वर्षं चाललं, ते मी मोजलं नाही.

पुढे तात्यांचे गुडघे गेले आणि बोट विकली गेली. नवा मालक स्वतःला कॅप्टन म्हणवून घेतो. त्याने बोटीला निळा रंग दिला आणि दोन्ही बाजूंना डॉल्फिनची चित्रं काढून घेतली. त्या डॉल्फिनना पापण्या आहेत! ओठांना लालीसुद्धा आहे! मला मात्र त्याने एकदाही खरवडलं नाही. एकदा खडकावर घासून माझ्या एका पात्याचा काठ दुमडला. तो सरळ करायचा सोडून हा म्हणाला, "चालतंय ना? मग चालू दे." तेव्हापासून मी थरथरत फिरतो.

हिवाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या खाडीच्या तोंडाशी एक मोठं पांढरं जहाज येऊन उभं राहतं. त्यात पोहायचा तलाव आहे, म्हणतात. समुद्रात तरंगत पोहायला तलाव! असो, ज्याची त्याची हौस. त्या जहाजातली माणसं सकाळी शिडीने आमच्या बोटीत उतरतात आणि आम्ही त्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो. मला दिसतं फक्त पाण्याखालचं, पण माझा दांडा थेट इंजिनापर्यंत जातो, त्यामुळे वरचं बोलणं मला ऐकू येतं.

त्या सकाळी एकच कुटुंब होतं. बाबा, आत्या, सात वर्षांची ठमी, आणि चार महिन्यांच्या बाळाला घेतलेली आई. बाळाला ओकारी झाली म्हणून आई मागे, कॅप्टनच्या चाकाजवळ, वाऱ्याला येऊन बसली होती.

"कधी दिसणार? कधी दिसणार?" ठमीचं चालू होतं.

"तू गप्प बसलीस की दिसणार," आत्या म्हणाली. "तुझ्या बडबडीने मासे पळतात."

"डॉल्फिन मासा नसतो, आत्या."

"बरं बाई, डॉल्फिन पळतात."

तेवढ्यात ते दिसले. मला आधी दिसले. पाच-सहा जण होते आणि त्यांच्यात एक आई होती. तिच्या पोटाला बिलगून एक पिल्लू पोहत होतं. आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या घड्या अजून त्याच्या अंगावर होत्या, नव्या कपड्यावर असतात तशा. म्हणजे ते अगदी परवा-परवाचं होतं. मी मनात म्हटलं, आता थांबायचं.

आम्ही थांबलो नाही. कॅप्टनने वेग वाढवला. तो त्यांच्या पुढून गेला, वळला, पुन्हा आडवा आला, आणि मी गरगरत राहिलो. मोठे डॉल्फिन खोल बुडी मारून निसटू शकत होते. आई नाही. पिल्लाला इतका वेळ श्वास रोखून धरता येत नाही, ते सारखं वर येणार. म्हणून तीही सारखी वर येत होती.

वरती टाळ्या पडत होत्या.

"बघ, बघ, पुन्हा आले! आपल्याला भेटायला येतायत!" आत्या म्हणाली.

"इंजिनाचा आवाज आवडतो त्यांना," कॅप्टन म्हणाला. "नाचतात."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा काय बोललो असतो ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. नाचतात म्हणे! मी बघत होतो ना खालून. आई दर वेळी कूस बदलायची आणि पिल्लाला माझ्यापासून लांबच्या बाजूला घ्यायची. आम्ही डावीकडून आलो की पिल्लू उजवीकडे, आम्ही उजवीकडून आलो की पिल्लू डावीकडे. रस्त्यावरून नेताना तुमचा हात धरून तुम्हाला गाड्यांपासून आतल्या बाजूला कोण घेतं? ती काय नाचत असते?

"अहो, यांच्यात एक लहान आहे," मागे बसलेली आई म्हणाली. "थांबवा ना जरा."

"खेळतायत ते, ताई."

"खेळत नाहीयेत. त्याचा श्वास ऐका. त्या मोठ्याचा एक होतो तेवढ्यात याचे तीन होतात."

"फोटो तरी नीट येऊ दे," बाबा म्हणाले. "एवढ्या लांब आलोय कशासाठी?"

कॅप्टन परत वळला. या वेळी पिल्लू चुकलं. थकलं असेल, घाबरलं असेल. ते आईच्या पलीकडे जायच्या ऐवजी अलीकडे आलं, सरळ माझ्या ओढीत. मी फिरताना पाणी आत खेचतो, आणि त्या पाण्याबरोबर ते माझ्याकडे यायला लागलं. मला त्याचा डोळा दिसला. आई वळली आणि तिने स्वतःचं अंग आमच्या मध्ये घातलं. माझा तो दुमडलेला काठ तिच्या पाठीपासून वीतभर लांब होता. आणि मित्रांनो, मला थांबता येत नाही. मी कितीही चिडलो तरी फिरायचं की नाही हे वरचा माणूस ठरवतो.

आणि मी थांबलो.

वर काय झालं ते कॅप्टनने नंतर धक्क्यावर भेटेल त्याला सांगितलं, म्हणून मला कळलं. आमच्या जुन्या इंजिनाला चाकाजवळ एक लाल मूठ आहे. ती ओढली की इंजिन मरतं, आणि ओढून धरली तर पुन्हा चालू होत नाही. जहाजापाशी माणसं चढताना कॅप्टनने ती ओढली होती आणि त्या आईने ते बघून ठेवलं होतं. एका हाताने बाळाला छातीशी धरून दुसऱ्या हाताने तिने मूठ ओढली, आणि ओढून धरली.

"ओ ताई, सोडा ते! बोट वाहत जाईल!"

"समुद्र ताटासारखा सपाट आहे. कुठे वाहत जाते?"

"वहिनी, काय हा तमाशा!" आत्या म्हणाली. "सगळ्या सहलीचा विचका."

"सोड," बाबा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"इथे लोक कुठे आहेत? आपणच आहोत."

बाळ रडायला लागलं. तिने मूठ सोडली नाही. कॅप्टन तिच्या हाताला हात लावू शकत नव्हता, म्हणून नुसता पाय आपटत होता. तो प्रत्येक धक्का मला दांड्यातून कळत होता, आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं.

"आई, मला अजून बघायचेत," ठमी रडवेली झाली.

"बघ की," आई म्हणाली. "जाताना बघ."

खाली ती दोघं माझ्या स्तब्ध पात्यांसमोर क्षणभर थांबली. पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं. मग फुस्स, आणि लगेच एक लहानसं फुस्स. ती हळूहळू निघाली. कोणीही उडी मारली नाही, कोणीही फोटोसाठी शेपूट दाखवली नाही. लहान फुस्स ऐकू येईनासं झालं तेव्हा कुठे वर बाळाच्या आईने मूठ सोडली. परत येताना बोटीवर कोणीही तिच्याशी बोललं नाही.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून सगळं सुधारलं. नाही. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने त्या मुठीवर डबा उलटा घालून वर दगड ठेवला, आणि दुसरं कुटुंब घेऊन आम्ही निघालो. मी आजही फिरतोय. म्हणून म्हणतो, मी रागावलेला आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी अशा बोटीत बसाल. कोणीतरी म्हणेल, बघा कसे नाचतायत. तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी त्यांच्यातलं सगळ्यात लहान शोधा आणि त्याची आई त्याला कोणत्या बाजूला घेते आहे ते बघा. ती त्याला तुमच्यापासून लपवत असेल, तर ओरडा. इंजिन बंद करा म्हणून ओरडा. मोठी माणसं चिडतील, तुम्हाला आगाऊ म्हणतील, परत येईपर्यंत तुमच्याशी बोलणार नाहीत.

नाही बोलले तर नाही बोलले. तुम्ही ओरडा. पाण्याखाली मी वाट बघत असेन.