स्वभाव गरीब

जयंतराव साठ्ये मूळचे सांगलीचे. विमा कंपनीतली त्यांची शेवटची बदली जयपूरची होती. निवृत्तीपर्यंत तिथल्या बनी पार्क भागातल्या भाड्याच्या घराची इतकी सवय झाली की त्यांनी तेच विकत घेतलं. इतकी वर्षं राजस्थानात काढूनही आपल्या मराठीत हिंदीचा एक शब्द शिरला नाही, असं ते भेटेल त्याला सांगत.

दुसऱ्यांचं मराठी सुधारणं हा त्यांचा छंद नव्हता. ते त्याला कर्तव्य मानत. जयपुरातल्या मराठी माणसांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यात कुणी ‘हार्दीक शुभेच्छा’ लिहिलं की जयंतराव खाली नुसतं ‘हार्दिक शुभेच्छा’ असं लिहीत. चुकीवर बोट ठेवायचं नाही, फक्त बरोबर वाक्य समोर मांडायचं, म्हणजे समोरचा शहाणा असेल तर समजून घेईल, अशी त्यांची पद्धत होती. ग्रुपमधल्या लोकांचा समज मात्र असा झाला होता की साठ्येकाका फार प्रेमळ आहेत आणि प्रत्येकाला आठवणीने शुभेच्छा देतात.

घरात ते इतके हळुवार नव्हते. रमाबाई अकोल्याच्या. लग्नानंतरच्या काही वर्षांत त्यांचं ‘करून राहिले’ जयंतरावांनी सोडवलं होतं. आता ते फक्त बहिणीशी फोनवर बोलताना परत येई. मुलगा निनाद जयपुरातच वाढला. शाळेत असताना गणेशोत्सवात त्याने मराठीतून भाषण केलं. “माझे बाबा बीमा कंपनीत काम करते,” असं तो म्हणाला आणि दुसऱ्या रांगेतून जयंतरावांचा आवाज आला, “विमा. करतात.” निनाद जरा थांबला आणि उरलेलं भाषण त्याने हिंदीतून केलं. टाळ्या खूप पडल्या. तेव्हापासून तो वडिलांशी हिंदीतच बोलत असे. आता तो नोकरीला लागला होता, वरच्या खोलीत बसून काम करायचा आणि जेवायला खाली आला की “पापा, दाल लेंगे?” असं अदबीने विचारायचा. जयंतराव “वाढ थोडं वरण,” असं उत्तर द्यायचे. दोघांचं भांडण असं कधी झालं नाही.

घरात चौथी होती ठमी. ही म्हातारी मांजरी गल्लीतून आपणहून आली होती आणि तिला रमाबाईंखेरीज कुणीही आवडत नसे.

मार्चमध्ये एके सकाळी ग्रुपवर प्रणिता नावाच्या मुलीचा निरोप आला. ती लातूरची, जगतपुऱ्यात राहून एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होती. तिने लिहिलं होतं, ‘माझी बदली हैदराबादला झाली आहे. मांजर दत्तक द्यायची आहे. स्वभाव गरिब.’

जयंतरावांना दोन गोष्टी खटकल्या. मांजर नपुंसकलिंगी, आणि ‘गरीब’मधली री दीर्घ. चष्मा आतल्या खोलीत होता, पण दोन वाक्यांसाठी कशाला उठायचं म्हणून त्यांनी तसंच टाइप केलं, पाठवलं आणि ते आंघोळीला गेले.

बाहेर आले तेव्हा रमाबाई त्यांचा फोन हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो नवऱ्यापुढे धरला. जयंतरावांच्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘मांजर दत्तक घ्यायचं आहे. स्वभाव गरीब.’

द्या लिहायचं होतं, घ्या झालं होतं. त्याखाली अभिनंदनांची रांग लागली होती. प्रणिताने तर हात जोडून लिहिलं होतं की काका, तुमच्यासारखं घर मिळालं हे तिचं नशीब, मी रविवारीच घेऊन येते.

“हे काय करून राहिले तुम्ही?” रमाबाईंनी विचारलं. रागाच्या भरात अकोला परत आलं होतं आणि जयंतरावांनी ते दुरुस्त केलं नाही.

रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. टाइप करताना चूक झाली, एवढी एक ओळ लिहायची की मिटलं. जयंतरावांनी फोनवर ग्रुपमधल्या नावांची यादी उघडली. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी बरोबर वाक्य लिहून दाखवलं होतं.

“चूक नाही,” ते शेवटी म्हणाले. “विचार करून लिहिलंय.”

रविवारी प्रणिता रिक्षाने आली. एका हातात जाळीची टोपली, दुसऱ्या हातात मांजराच्या खाण्याची पिशवी. टोपलीत पिवळ्या ठिपक्यांचं एक पिल्लू होतं, त्याचं नाव बुंदी. चहा पिताना प्रणिताचे डोळे भरून आले. बाकी ज्यांनी चौकशी केली त्यांनी केस गळतात का, पडदे फाडते का, एवढंच विचारलं, असं ती सांगू लागली. “स्वतःचा स्वभाव कसा आहे ते सांगणारे तुम्ही एकटेच, काका.”

रमाबाई बशीत बिस्किटं आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

बुंदीचा स्वभाव मात्र गरीब नव्हता. पहिल्याच आठवड्यात तिने देवघरातली वस्त्रं ओढली, जयंतरावांच्या चष्म्याची काडी चावली आणि ठमीच्या ताटलीत तोंड घातलं. ठमी कपाटावर जाऊन बसली. तिचं जेवणही वर पाठवावं लागे, आणि ते काम जयंतरावांकडे आलं. मांजर विचार करून आणलेलं असल्यामुळे त्यांना तक्रारही करता येईना. ग्रुपवर लोक बुंदीची खुशाली विचारत आणि फोटो मागत. खुशालीतली ली कुणी ऱ्हस्व काढली तरी जयंतराव आता फोटो पाठवून गप्प बसत.

एका दुपारी ते जिन्यावरून वर चालले होते. निनादच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत तो बुंदीशी बोलत होता. “थांब ना. दूध गरम आहे. मी थंडा करतो, मग तू पी.” जयंतरावांनी एक पाय वरच्या पायरीवर ठेवला होता, तो तसाच राहिला. मुलाचं मराठी त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ‘थंड’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. तो त्यांनी गिळला आणि ते आवाज न करता खाली गेले. रमाबाईंना त्यांनी सांगितलं, तेव्हा कळलं की हे रोजच चालतं आणि ते फक्त जयंतरावांनाच ठाऊक नव्हतं. मांजराशी तो मराठीत का बोलतो, असं रमाबाईंनी त्याला एकदा विचारलंही होतं. तो म्हणाला होता, ती मध्ये बोलत नाही.

हे शेवटचं वाक्य रमाबाईंनी नवऱ्याला सांगावं की नाही याचा थोडा विचार केला, आणि सांगितलं.

मे महिन्यात उकाडा वाढला. रविवारी निनादने कूलरची बाजूची जाळी काढली, जुनं गवत फेकलं आणि नवं आणायला तो गच्चीवर गेला. जयंतराव बाहेरून घामाघूम होऊन आले आणि सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला.

“बाबा, नको दाबू,” निनाद दारातून ओरडला. “बुंदी आत गेला आहे.”

एरवी जयंतरावांना वाक्याच्या अर्थाआधी त्यातल्या चुका ऐकू येत. त्या दिवशी अर्थ आधी पोचला. त्यांनी बटणावरचं बोट काढलं. ते तिथेच खुर्चीवर बसले. निनादने तारच उपटली, पंख्याच्या मागे हात घातला आणि गच्च भिजलेली, फिसकारणारी बुंदी मानेला धरून बाहेर काढली. तिने त्याच्या अंगठ्यात दात रोवले होते.

जखम धुवून दोघे डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन परतले, तेवढ्यात प्रणिताचा फोन आला. जयंतरावांनी तो निनादकडे दिला. निनाद आधी गोंधळला, मग सांगत सुटला. मराठीतच. कूलर, पंखा, पाणी, सगळं. जयंतराव शेजारी बसून ऐकत होते. सांगता सांगता तो अडला आणि फोनवर हात ठेवून वडिलांकडे वळला.

“बाबा, काटा को क्या बोलते हैं?”

आजवर जयंतरावांना शब्द कुणी विचारला नव्हता. न विचारता ते देत आले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना काही आठवेना. डोक्यात नुसतं काटा, काटा असंच फिरत राहिलं. निनादने थोडी वाट पाहिली आणि फोनमध्ये म्हणाला, “तिने मला काटलं.” प्रणिताला ते समजलं असावं, कारण गोष्ट पुढे सरकली.

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने जयंतराव हलकेच म्हणाले, “चावणे.”

“हां,” निनाद म्हणाला. पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघत त्याने वाक्य जुळवलं. “ती मला चावली.”

जयंतरावांनी त्यात चूक शोधून पाहिली. नव्हती. मग ते उठले आणि ठमीचं जेवण कपाटावर ठेवायला गेले.