सरपंचांच्या घरची बिनधुराची चूल

मी बिनधुराची चूल बोलतेय. सानगडीच्या पलीकडच्या एका गावात, सरपंच पुंडलिकरावांच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम आहे.

माझी बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. पुंडलिकरावांची बायको शकुंतलाबाई ओसरीत तांदूळ पाखडत होती आणि मधूनमधून खोकत होती. पुंडलिकराव तालुक्याहून सायकलने आले ते अंगणातूनच ओरडत, "आपलं गाव बिनधुराचं होनार! पयली चूल आपल्या घरी! जिल्ह्याचे साहेब पाहाले येनार!" तेव्हा मी अजून तलावातली माती होते. हे सगळं मी नंतर शेजारच्या मंदाबाईच्या तोंडून ऐकलं. मंदाबाईच्या तोंडून ऐकायला मिळत नाही असं गावात फारसं काही घडत नाही.

शकुंतलाबाईने सूप खाली ठेवलं. साकोलीच्या डॉक्टरांनी तिला धुरापासून दूर राहायला सांगितलं होतं. धुराला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मंदाबाईनेच मला घडवलं. चिकणमाती, धानाचा भुसा, शेण. भांड्यांसाठी दोन तोंडं आणि मागे सिमेंटचा पाइप, थेट छपराच्या कवेलूंच्या वर गेलेला. लाकूड निम्मं लागेल, जंगल वाचेल, बाईचे डोळे वाचतील, अशी माझी ख्याती होती. शकुंतलाबाई रोज हात लावून बघायची, वाळले का म्हणून. वाळले, तशी ती काटक्या घेऊन बसली.

"थांब!" पुंडलिकराव दारातून म्हणाले. "साहेब पाहून जाऊ दे, मंग पेटव. काळी झाली त फोटो कसा निघन?"

"काहून जी? चूल हाये का नवरी हाये, नटवून ठेवाले?"

"आठ दिवसांचा त प्रश्न हाये."

कुडापलीकडून मंदाबाई म्हणाली, "भाऊजी, मंग साहेबाले जेवाले बी फोटोच वाढजा!"

आठ दिवसांनी निरोप आला की साहेब दुसरीकडे गेले. मग निवडणूक आली. मग धानाची रोवणी आली, रस्त्यात चिखल झाला. दर वेळी मला नव्याने सारवलं जाई, गेरूची रेघ ओढली जाई. माझ्या शेजारची जुनी चूल रोज जळत होती आणि शकुंतलाबाई तिच्यापुढे बसून फुंकत होती.

धुराविरुद्धची सभासुद्धा आमच्याच ओसरीत झाली. पुंडलिकरावांनी जंगलावर आणि मायबहिणींच्या डोळ्यांवर चांगलं भाषण केलं. चहा आत जुन्या चुलीवर उकळत होता, लाकडं ओली होती. सगळ्या सभेच्या डोळ्यांत पाणी आलं. पुंडलिकरावांना ते भाषणाचं वाटलं.

पौषात शकुंतलाबाईचा खोकला छातीत बसला. एका संध्याकाळी ती म्हणाली, "एक बार भात टाकू द्या जी तिच्यावर."

"साहेब सोमवारी येऊन राहिले. पक्कं हाये. सोमवारी संध्याकाळी टाक."

ती शनिवारी गेली.

आमच्याकडे प्रेतापुढे मडक्यात घरच्या चुलीतला विस्तव नेतात. पुंडलिकरावांचे थोरले भाऊ केशवराव मडकं घेऊन आत आले आणि माझ्यापुढे वाकले. घरची नावाजलेली चूल मीच. त्यांनी आत हात घातला. राखसुद्धा नव्हती.

"तिच्यात नाही जी," मंदाबाई म्हणाली. "तिकडून घ्या."

विस्तव जुन्या चुलीतून गेला. पुंडलिकराव दाराला टेकून पाहत होते.

सोमवारी साहेब खरंच आले. अंगणात दुखवट्याला आलेली माणसं बसली होती. ग्रामसेवकाने साहेबांना सांगितलं, लोक तुमच्याचसाठी जमलेत. साहेबांनी अंगणाला हात जोडले आणि आत येऊन माझ्यापुढे वाकले.

"इतकी स्वच्छ चूल मी जिल्ह्यात पाहिली नाही! रोज वापरता?"

"रोज जी," ग्रामसेवक म्हणाला.

"मग चूल वापरणाऱ्या बाईंना बोलवा. त्यांच्यासकट फोटो घेऊ."

ग्रामसेवकाने मंदाबाईला पुढे केलं. तिने त्याचा हात झटकला. "मी कायले उभी राहू? जिची चूल हाये तिले बलवा."

पुंडलिकरावांनी टोपी काढून हातात धरली. त्यांना काही सांगायचं होतं, पण साहेबांना पवनीला पोचायचं होतं. त्यांनी माझा एकटीचाच फोटो काढला.

गाव बिनधुराचं जाहीर झालं. फोटो पंचायतीत लावला आहे. पुंडलिकराव आता स्वतः रांधतात, जुन्या चुलीवर. फुंकताना त्यांनाही खोकला येतो. मंदाबाई कुडावरून म्हणते, "भाऊजी, आता त पेटवा तिले." ते म्हणतात, "पाहू उद्या," आणि माझ्याकडे पाठ करून बसतात.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला आजच काळी होऊ द्या. दिसण्यासाठी चूल घालत नाहीत.

शकुंतलाबाईचा भात तेवढा माझ्यावर शिजायचा राहिला.