आर्डव्हेनच्या फाटकावरची टगबोट

ज्या बोटीच्या धुराड्यावर तुम्ही येता-जाता खडे मारता, मित्रांनो, ती मीच. अर्धी चिखलात रुतलेली, अर्धी गंजलेली मी एक जुनी टगबोट आहे. मोठ्या जहाजांना दोर बांधून आर्डव्हेन बंदरात ओढून आणायचे, हे माझे काम होते.

मागच्या लढाईआधी माझे धुराडे लाल होते. माझा कप्तान डंकन मेअर दर वसंतात ते स्वतः रंगवायचा, आणि आर्ची लोबन नावाचा खलाशी खाली उभा राहून चुका काढायचा.

"कप्तान, डावीकडे एक ठिपका राहिला."

"तो ठिपका तुझ्या डोळ्यात आहे. पाणी मार."

त्या काळी आमच्या गावची हेरिंग मासळी मिठात घालून, पिंपे भरभरून जर्मनीला आणि रशियाला जायची. लढाई पेटली आणि सरकारने ते सगळे रोखले. जर्मनी आता शत्रू, त्याला माल विकायचा नाही; रशियाची वाटही बंद. परवान्यावाचून कोळसा भरायचा नाही. आखून दिलेल्या हद्दीपलीकडे जाळे टाकायचे नाही. भरलेली पिंपे धक्क्यावर कुजून गेली. मासे चिरणाऱ्या बायकांच्या सुऱ्या गंजू लागल्या. मलाही सरकारने ताब्यात घेतले आणि माझ्या लाल धुराड्यावर करडा रंग फासला.

मग बंदराच्या तोंडाला फाटक आले. जाडजूड ओंडके, आणि त्यांच्याखाली तळापर्यंत लोंबणारी लोखंडी साखळ्यांची जाळी. हुकूम झाला की मी ते ओढून उघडायचे. लावायचे मात्र दोर गुंडाळून ओढणाऱ्या चरकाने. तो चरक फाटकाशी नांगरलेल्या पहारा-जहाजावर होता. तिथे लेफ्टनंट हारग्रीव्ह हा तरुण अधिकारी बसायचा. आत येणाऱ्या प्रत्येक बोटीने ठरलेले निशाण दाखवायचे. निशाण चुकले, तर टेकडीवरच्या किल्ल्यातली तोफ आधी इशारा द्यायची, मग नेम धरायची. हे निशाण सरकार अधूनमधून बदलायचे.

हा नियम कुणी हसण्यावारी नेत नव्हते. शेजारच्या बंदरात एका मासेमारी बोटीच्या मागोमाग शत्रूची पाणबुडी आत शिरली होती, आणि तिथे धक्क्याला लागलेली दोन जहाजे माणसांसकट जळाली होती.

हिवाळ्यातली एक दुपार. हवेत विरळ धुके होते. सकाळीच निशाण बदलले होते. डोलकाठीवर चढवायचा लाल चेंडू गेला होता, त्याच्या जागी पिवळा-निळा झेंडा आला होता. वादळामुळे बाहेर अडकलेली एकच बोट यायची राहिली होती. तिचा तांडेल गिल्बर्ट वॉट. बोट नांगरण्याच्या जागेवरून त्याचे नि माझ्या कप्तानाचे असे भांडण झाले होते, की चर्चमध्येही दोघे एकमेकांकडे पाठ करून बसत.

ती बोट धुक्यातून दिसली तेव्हा तिचे सुकाणू मोडलेले होते आणि भरतीचे पाणी तिला सरळ फाटकाकडे लोटत होते. डोलकाठीवर लाल चेंडू होता.

तोफ धडाडली. बोटीपुढे पाण्याचा खांब उठला. बोटीवरच्यांनी शीड पाडले, तरी ती येतच राहिली. थांबणार कशी?

"वॉटची बोट आहे ती," डंकन पहारा-जहाजाकडे तोंड करून ओरडला. "किल्ल्याला सांगा, साहेब."

हारग्रीव्हच्या हातात दूरध्वनी होताच. "सांगतोय मी. ते म्हणतात, निशाण दाखवा. बोट कुणीही पळवून आणू शकतं."

"मग ते निशाण द्या मला. मी नेऊन देतो."

"वेडा झालास का? ओळख पटल्याशिवाय झेंडा बाहेर दिला तर माझं कोर्ट मार्शल होईल. आणि फाटक मी उघडं ठेवणार नाही. आत कोळशाची जहाजं आहेत, शंभरावर माणसं आहेत त्यांच्यावर."

"उघडं ठेवा म्हणतंय कोण? मी माझ्यापुरतं उघडतो. मी गेलो की लावून घ्या. आम्ही बाहेर राहतो."

तेवढ्यात दुसरा गोळा वॉटच्या बोटीच्या मागच्या भागावर पडला. फळ्या आकाशात उडाल्या, आणि फळ्यांबरोबर एक माणूसही. त्याला मी पाण्यावर पडताना पाहिले. तो पुन्हा वर आला नाही.

हारग्रीव्हने दूरध्वनी टाकला, झेंड्याची गुंडाळी उचलली आणि माझ्या पुढच्या भागावर फेकली. "जा," एवढेच तो म्हणाला.

मी फाटक जेमतेम माझ्या अंगापुरते ओढले, दोर सोडला आणि बाहेर निसटले. मागे चरक करकरला. फाटक लागले. आता माझ्यापुढे तोफ होती आणि पाठीशी बंद दार.

आर्चीने माझ्या काठीवर झेंडा चढवला होता, पण किल्ल्याला हवा होता तो त्या बोटीवर. डंकनने मला मुद्दाम तोफेच्या आणि बोटीच्या मध्ये घातले. तिसरा गोळा इतक्या जवळ फुटला, की माझ्या पोलादी अंगाला चिरा गेल्या, सुकाणूघराच्या काचा फुटल्या आणि डंकनचा कान अर्धा तुटून मानेवर लोंबू लागला. त्याने सुकाणू सोडले नाही.

मी बोटीला अंग लावले. तिच्यावर रक्त आणि हेरिंग एकमेकांत कालवले गेले होते. झेंडा चढवायचा दोर तुटून गेला होता. आर्ची आपल्या काठीवरचा झेंडा काढून दातांत धरून त्या बोटीवर उडी मारून गेला आणि डोलकाठीवर चढू लागला.

"खाली ये, मूर्खा, मी बांधतो," गिल्बर्ट वॉट खालून ओरडला. त्याचा एक हात कोपरापासून निकामी झाला होता.

"कशानं बांधणार, मिशांनी?" आर्ची वरून म्हणाला.

झेंडा फडकला. पण चौथा गोळा तोफेतून आधीच सुटलेला होता. तो डोलकाठीच्या बुंध्याशी फुटला. काठी, झेंडा आणि आर्ची तिघेही माझ्या डेकवर येऊन आदळले.

त्यानंतर तोफ गप्प झाली. किल्ल्याला झेंडा दिसला होता.

डंकनने वॉटला बखोटीला धरून माझ्यावर ओढले. वॉट कण्हत म्हणाला, "तुझ्या बोटीवर पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती मी."

"मग पाय नको ठेवूस. बूड टेक," डंकन म्हणाला, आणि आर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला. आर्चीची छाती उघडी पडली होती. त्याला काहीतरी सांगायचे होते, पण तोंडातून रक्तच आले. डंकनने त्याचे डोळे मिटले तेव्हा वॉटने आपली टोपी काढली.

बोटीला दोर बांधून, फाटक उघडून आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा मासे चिरणाऱ्या बायका जमल्या होत्या. आर्चीची बायको एल्स्पेथ सगळ्यांत पुढे होती. समोर हारग्रीव्ह दिसला. तोफ त्यानेच डागायला लावली असे तिला वाटले. पहिला दगड तिने मारला. मग सगळ्यांनीच मारले. त्याचे कपाळ फुटले, दात तुटला, तो खाली बसला, तरी हात वर करून त्याने स्वतःला झाकले नाही. एल्स्पेथच्या आणि आणखी एकीच्या हातांत सुऱ्या होत्या.

डंकनला शिपायांनी धरले होते. हुकूम मोडल्याचा आरोप होता. त्यांना ओढतच तो बायकांमध्ये घुसला. "एल्स्पेथ, हात खाली कर. झेंडा त्यानंच दिला. त्यानं दिला नसता तर वॉटच्या बोटीवरचं एकही माणूस परत आलं नसतं."

"माझं आलं नाही," ती म्हणाली.

सुरी मात्र तिने खाली टाकली.

डंकनला तुरुंग झाला. हारग्रीव्हची हुद्द्याची पट्टी काढून त्याला फ्रान्सच्या खंदकांत पाठवले. तो तिथून परतला नाही. पण पुढच्याच महिन्यापासून सरकारने एक सुधारणा केली. निशाण बदलले, की बाहेर असलेल्या बोटींसाठी जुने निशाणही दोन दिवस चालू ठेवायचे, असे ठरले. ती सुधारणा कुणाच्या रक्ताने झाली हे कुठे लिहिलेले नाही. डंकन सुटून आला तेव्हा तो बहिरा झाला होता. त्याला धरून घरी नेले ते गिल्बर्ट वॉटने, उरलेल्या हाताने.

लढाई संपली, फाटक काढले, आणि मला कुणी विचारीनासे झाले. शेवटी मला या खाडीत आणून टाकले. माझ्यात चिमण्यांनी घरटी केली. तुम्ही खडे मारता त्याचा मला राग नाही. निदान कुणीतरी येते.

मित्रांनो, आता पुन्हा लढाई लागली आहे. बंदराच्या तोंडाशी नवे फाटक बसते आहे, आणि लोखंड हवे म्हणून उद्या माझेही तुकडे होणार आहेत. होऊ देत. तुमच्यातले कुणी मोठे होऊन तोफेवर बसेल, कुणी फाटकावर, कुणी कचेरीत बसून हुकूम काढेल. हुकूम कडक असावेत. पाणबुडीने शेजारच्या बंदरात माणसे जाळली, ते मी विसरलेले नाही. पण खूण बदलाल त्या दिवशी आधी मोजून बघा, आपले कोण कोण अजून समुद्रात आहे. आणि ते येईपर्यंत जुनी खूणही ओळखत जा.