तार आणि टोपी

आमच्या ह्यांना घाम फार. ऐन थंडीतसुद्धा शाळा तपासायला साहेब आला की टोपी काढून टाळू पुसायला लागायचे. एरवी मी त्यावरून हसत असे. पण चव्वेचाळीस सालच्या एका घामाने चांगल्या सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या फुटल्या, ती हकीकत सांगते.

राजूरपासून चार कोसांवरच्या गावात हे मास्तर. तरुणपणी दोनदा मॅट्रिकला बसले आणि दोन्हीदा इंग्रजीत आपटले. गावाला मात्र एवढंच ठाऊक, की गुरुजींना इंग्रजी येतं. ह्यांनीही कधी तो गैरसमज दूर केला नाही. मान कुणाला नको असतो?

अशात गावातल्या कारभारींच्या घरी इंग्रजीतली तार आली. त्यांचा मुलगा गहिनीनाथ लढाईवर होता. सगळा गाव आमच्या ओट्याशी जमला. तारेतलं गहिनीनाथाचं नाव तेवढं ह्यांना लागलं, पुढचं काही लागेना. "मला कळत नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण सगळा गाव तोंडाकडे बघतोय म्हटल्यावर ह्यांची जीभच उचलेना. घाम फुटला आणि ह्यांनी टोपी काढली.

तार वाचून गुरुजींनी डोकं उघडं केलं! आणखी काय सांगायला हवं होतं? कारभारींनी पागोटं उतरवलं. गहिनीनाथाची बायको चांगुणा, वीस वर्षांची पोर, तिने आमच्याच ओट्याच्या दगडावर हात आपटले. त्या आकांतात हे "अहो, थांबा" म्हणाले म्हणतात. मी शेजारी उभी होते, मला तरी ऐकू आलं नाही. पुढे पाच दिवस हे अन्नाला शिवले नाहीत. कदाचित तसंच असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा राग मला आजही येतो.

सहाव्या दिवशी राजूरच्या बाजारात, पेन्शनीचं काय ते विचारायला म्हणून, कारभारींनी ती तार जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांना दाखवली. गहिनीनाथाच्या दंडाला गोळी लागली होती, तो पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता आणि घरच्यांनी भेटायला यावं, असं तीत लिहिलं होतं.

गावाने ह्यांना शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पोरगा जिवंत म्हटल्यावर कारभारींनी गूळ वाटला, आमच्याकडेही पाठवला. चांगुणेने हिरव्या बांगड्या भरल्या. फक्त आमच्या दारावरून जाताना ती मान फिरवून जाई. ह्यांनी त्याचाच धसका घेतला.

"मनकर्णा, मी पुन्हा परीक्षेला बसतो," एक दिवस हे म्हणाले.

त्रेचाळीस वर्षांचा घोडा! मी हसणारच होते, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि कंदिलाची काच पुसायला घेतली.

वर्षभर पहाटे चुलीपुढे घोकंपट्टी चालली. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण अडखळले की बरोबर कळे. मग मी परातीवर थाप मारी आणि हे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. परीक्षा नगरला होती. तिथे हे कोट-टोपी घालून वर्गात शिरले तर सगळी पोरं खडखडा उठून उभी राहिली. ह्यांनी सवयीने "बसा, बसा" म्हटलं आणि मग खाली मान घालून आपला नंबर शोधत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. हे त्यांनीच मला सांगितलं. मी पोट धरून हसले, आणि हसता हसता मला ह्यांची इतकी माया आली की काय सांगू.

निकाल लागला तशी माझ्या भावाने, सहादेवने, नगरहून तार केली. गाव पुन्हा ओट्याशी. या खेपेला गहिनीनाथही होता, आखडलेला हात पोटाशी धरून. मागे चांगुणा उभी होती.

ह्यांनी तार उघडली. कपाळावर घाम आला. हात टोपीकडे गेला. पण ह्यांनी टोपी काढली नाही. उलट दाबून नीट बसवली.

"नापास," हे मोठ्याने म्हणाले. "पुन्हा इंग्रजीतच."

कुणी हळहळलं, कुणी "व्हतंय गुरुजी, आवंदा न्हाई तर फुडल्या साली" म्हणालं. माणसं पांगली. चांगुणा मात्र पुढे आली. तिने कमरेचा लखोटा काढला. नवऱ्याच्या हाताबद्दल पलटणीकडून आलेला कागद होता तो.

"गुरुजी, ह्यो वाचून दावा."

"अगं, आत्ताच ऐकलंस ना? नापास झालोय मी."

"ऐकलं. म्हनून तर द्येते. आता जे न्हाई कळायचं, ते न्हाई कळलं म्हनून सांगाल तुमी."

हे ओट्यावर बसले. बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. "हे कळलं. हेही कळलं. हे नाही कळलं, हे रेंजरसाहेबांना विचारू." प्रत्येक वेळी चांगुणा मान डोलवी आणि कागद धरलेल्या तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणत.

मी आत जाऊन पदरात तोंड घालून रडले. ह्यांनी इतकं चांगलं इंग्रजी आजवर कधी वाचलं नव्हतं.